विरारच्या पुढची शांतता

“सध्या कुठे राहतेस?”

“दातिवऱ्याला.”

“दाति... काय?”

हा डायलॉग मी गेल्या वीस महिन्यांत इतक्या वेळा मारलाय की आता रेकॉर्ड करून ठेवावा म्हणतेय. आपल्या ऑफिसवाल्या दुनियेत पृथ्वी विरारला संपते. विरार फास्टमध्ये चौथी सीट मिळणं म्हणजे आयुष्याचं सार्थक. त्याच्याही पुढे माणसं राहतात, त्यांनाही वाय-फाय लागतं, हे आपल्या गावीच नसतं!

तर मंडळी, भूगोल ऐका. चर्चगेटपासून विरार 60 किलोमीटर. तिथून डहाणू लोकल. वैतरणा गेलं की सफाळे. उतरायचं आणि एसटी पकडायची. एडवण, कोरे करत करत जिथे रस्ता संपतो आणि वैतरणेची खाडी समुद्राला मिळते, ते आमचं दातिवरे. समोर पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला दिसतो आणि रात्री त्याच्याही मागे विरारचे दिवे.

मी इथे आले ती अगदी फिल्मी कारणांसाठी. गोरेगावात तिघींत एक फ्लॅट, खिडकीबाहेर रात्री दोनपर्यंत हॉर्न आणि भाडं असं की फ्रीलान्सरचा चेक येण्याआधीच संपायचा. काम तर लॅपटॉपवरच होतं. मुंबईला महिन्यातून चार-पाच चकरा. मग का नाही? वाडीतल्या दोन खोल्या घेतल्या. सकाळी नारळाच्या झावळ्यांचा आवाज, संध्याकाळी सुरूच्या बनातून चालत समुद्रावर, वाटेत बांबूच्या वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. (वासाची सवय व्हायला तीन आठवडे लागले. आता नसला तर चुकल्यासारखं वाटतं.) वीकएण्डला मैत्रिणी यायच्या आणि जाताना हमखास म्हणायच्या, “यार, हे असंच राहायला हवं.”

मीही तेच म्हणायचे. आणि नेमकी तिथेच माझी गोची झाली.

झालं असं की 2025 मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याकडच्या खारवाडेश्रीला रो-रो बोट सुरू झाली. तोपर्यंत गाडीने विरारला जायचं तर सफाळ्याहून वरई फाट्याला महामार्ग गाठून उलटा वळसा, साठेक किलोमीटर आणि दीड तास. आता दीडेक किलोमीटर पाणी आणि पंधरा मिनिटं. दुचाकी, रिक्षा, गाड्या, सगळं बोटीवर. पहिल्याच सुट्ट्यांत किनाऱ्यावर नव्या गाड्या दिसल्या, कोणाच्या तरी स्पीकरवर गाणी, वाळूत चिप्सची पाकिटं. मी काकूंच्या, म्हणजे घरमालकिणीच्या ओट्यावर बसून जाम वैतागले. “काकू, संपलं आता आपलं गाव. सगळी शांतता गेली!”

काकू मिरच्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुझी गेली असेल बाई. आमची सून आठव्या महिन्यात माहेरी विरारला जाऊन बसली होती, ठाऊक आहे ना? रात्री कळा सुरू झाल्या तर काय, म्हणून. घर दिसत होतं तिला पलीकडून, पण यायचं तर अर्धा दिवस. तू कंटाळलीस की बॅग भरशील. आम्ही कुठे जायचं?”

मी गप्प. मास कॉमला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की बातमी कोणाच्या बाजूने सांगतोयस ते आधी बघ. आणि मी इतके महिने या गावाची गोष्ट भाडेकरूच्या बाजूने सांगत होते. मला जी शांतता वाटत होती, ती निम्मी तर नुसती गैरसोय होती. शेवटची एसटी चुकली तर मी फेसबुकवर मजेशीर पोस्ट टाकायचे. कॉलेजहून येणाऱ्या मुलीची तीच एसटी चुकली तर घरचे दारात उभे राहायचे. विरार-डहाणू लोकल सुरू झाली 2013 मध्ये, पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. म्हणजे मी ज्याला ‘अनटच्ड’ म्हणत होते, तिथली माणसं कोणीतरी टच करावं म्हणून कित्येक वर्षं वाट बघत होती.

पण थांबा, याचा अर्थ येईल ते सगळं त्यांना हवंय असाही नाही. 30 ऑगस्ट 2024 ला याच जिल्ह्यात डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. खर्च 76 हजार कोटींच्या घरात. किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याला वर्षानुवर्षं विरोध करतायत, कारण त्यांच्या दृष्टीने तो समुद्र म्हणजे त्यांचं शेत. आमच्या काकांचं म्हणणं साधं आहे. होडी पाहिजे, बंदर नको. मला आधी ही गंमत वाटली होती. आता वाटतं, यात गोंधळ काहीच नाही. आपल्याला काय हवं आणि काय नको, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. गोंधळ माझा होता. मला इंटरनेट फास्ट हवं होतं आणि गाव स्लो!

तुमच्यापैकी कोणी ईएमआयला कंटाळून असं लांब जायच्या विचारात असेल, तर जरूर जा. फक्त डिसेंबरातल्या रविवारी घर बघून टोकन देऊ नका. जुलैतल्या मंगळवारी या. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघा आणि बघा किती वाजता पोचता. सफाळ्याला लोकल चुकवून बघा. लाइट गेल्यावर चार तास बसून बघा. रात्री ताप भरला तर कोणाची गाडी मिळेल, ते विचारून ठेवा. आणि शेजाऱ्यांना एक प्रश्न नक्की विचारा, “तुम्हाला इथे काय कमी पडतं?” त्या यादीतलं एकेक येत जाईल तेव्हा तोंड वाकडं करणार नसाल, तर खुशाल सामान हलवा.

माझं 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट दुसऱ्यांदा संपतंय. परवा काकांनी विचारलं, “राहणार ना?” राहणार. स्पीकरवाल्यांशी मात्र भांडणार, आणि काकूही भांडणार आहेत. चिप्सची पाकिटं कोणालाच नकोयत.

गेल्या शनिवारी त्या बोटीवर मी पहिल्यांदा चढले. नातवाला घेऊन सून माहेरी गेली होती, तिच्यासाठी काकूंनी सुक्या बोंबलांची पिशवी दिली होती. पंधरा मिनिटं ती माझ्या मांडीवर. शेजारच्या गॉगलवाल्या मुलाने नाक दाबून विचारलं, “कुठून आलात?”

“दातिवऱ्याहून,” मी म्हटलं. “या कधीतरी. पाकीट मात्र परत घेऊन जा.”