लहान गाडी, पुरता हिशेब

मोठी जुनी गाडी देऊन एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची लहान गाडी घ्यावी काय, हा प्रश्न सध्या अनेक घरांत आहे. खर्च वाचेल, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे.

टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरतो आणि आत दाबून हवा भरतो. त्यामुळे लहान इंजिनही गरजेच्या वेळी मोठ्याचे बळ देते. मात्र चालविणाऱ्याचा पाय सतत जोरात पडला, तर बचत उरत नाही.

आता हिशेब पाहू. वर्षाला १२,००० किलोमीटर प्रवास असेल आणि लिटरमागे १० ऐवजी १५ किलोमीटर मिळाले, तर ४०० लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १०० रुपये धरल्यास ही बचत ४०,००० रुपये होते. अदलाबदलीत पदरचे चार लाख घातले, तर ते भरून निघण्यास दहा वर्षे लागतील.

आमच्या घरी हा हिशेब मांडला, तेव्हा चिरंजीव म्हणाले, “बाबा, वाचलेल्या पैशांत दर रविवारी फिरायला जाऊ!” बचत तेथेच संपली.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. जाण्यायेण्याच्या सीमेलाही परिमाण असावे, असे ते सांगते. आम्ही महिन्याला हजाराऐवजी ८०० किलोमीटरांची मर्यादा ठरविली. गाडी जुनीच राहिली, आणि तरीही वर्षाला २४० लिटर पेट्रोल वाचेल. तिचे आयुष्य संपेल, तेव्हा लहान गाडी अवश्य घेऊ. मर्यादा मात्र हीच राहील.