नोंद म्हणजे निवारण नव्हे

परदेशी किंवा पुण्या-बंगळुरूस स्थायिक झालेल्या मुलांनी वृद्ध आईवडिलांस मनगटी संवेदक भेट देण्याची प्रथा आपल्या घरांतून रूढ होऊ लागली आहे. भेटीमागील प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हे घड्याळ बांधले की म्हातारपणीच्या पडण्याचा बंदोबस्त झाला, ही जी समजूत बळावत आहे, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे.

हे यंत्र करते तरी काय? शरीराच्या गतीत व दिशेत होणारे आकस्मिक बदल ते मोजते. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ साली आली. जोराचा आघात होऊन मनुष्य सुमारे मिनिटभर निश्चल राहिला, तर ते आपण होऊन मदतीसाठी दूरध्वनी लावते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेस तासन्‌तास फरशीवर पडून राहण्याचे भय असते; तिला हा मोठाच आधार आहे, हे आम्ही मान्य करतो. पण दूरध्वनी लागतो तो पडल्यानंतर. मांडीचे हाड तोवर मोडलेले असते. शिवाय प्रत्येक पडणे ओळखता येईलच असे नाही, हे खुद्द उत्पादकच सांगतो. आणि रात्री लघुशंकेस उठावे, तर घड्याळ चार्जिंगला लावलेले!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६,८४,००० माणसे पडून दगावतात; त्यांत साठीपुढील माणसांची संख्या सर्वाधिक. पडण्याची कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या जुन्या वाड्यांतील उभे जिने, उंच उंबरठे, न्हाणीघरातील ओली फरशी, बोळातला मिणमिणता दिवा. त्यांत भर म्हणून झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू आणि दुबळे झालेले पाय. यांपैकी एकही कारण घड्याळाने दूर होत नाही.

उपाय अज्ञात आहेत असेही नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली १०८ चाचण्यांचा आढावा घेतला. तेवीस हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या त्या अभ्यासांत, व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तोल सावरणे, खुर्चीवरून आधाराविना उठणे, असलेच हे साधे व्यायाम आहेत.

दूरच्या मुलाने मग करावे तरी काय, असे कोणी विचारील. सुट्टीत घरी येईल तेव्हा त्याने सुतार-गवंडी बोलावून जिन्याला कठडा आणि न्हाणीघरात धरावयास दांडी बसवून घ्यावी. आईची सगळी औषधे एकदा डॉक्टरांपुढे मांडावीत, तिचे डोळे तपासून घ्यावेत. एवढे झाल्यावर घड्याळ अवश्य द्यावे.

आणि आपली मंडळे? गणेशोत्सव, व्याख्यानमाला, नाट्यस्पर्धा यांसाठी आपण सभागृहे उघडतो. त्याच सभागृहांत आठवड्यातून दोन सकाळी ज्येष्ठांसाठी व्यायामवर्ग का भरू नये? सभासदांची सरासरी वयोमर्यादा पाहता, हे कार्य आपल्या संस्थांच्या आयुष्याशीही निगडित आहे. येत्या वार्षिक सभेपुढे हा ठराव यावा, अशी आमची मागणी आहे.