एका दाताचे ९६ दिवस

डिसेंबरात दादा आला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. न्यू जर्सीला असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीत त्याला मोहिनीराजाचं दर्शन घ्यायचं होतं, शिंगणापूरला जायचं होतं, हुरडा खायचा होता आणि दोन दाढा बसवायच्या होत्या. दाढांचं त्याने तिकडूनच व्हॉट्सॲपवर ठरवलं होतं. छत्रपती संभाजीनगरला, आमच्या नेवाशापासून साठेक किलोमीटर.

जेवताना त्याने हिशोब मांडला. तिकडे एका इम्प्लांटला चार हजार डॉलर, दोनचे आठ हजार, म्हणजे पावणेसात-सात लाख रुपये. इथे चांगल्या परदेशी कंपनीचे दोन इम्प्लांट ऐंशी हजारांत. विमानाचं तिकीट धरलं तरी साडेचार लाखांच्या वर वाचले. "दात फुकट पडले आणि वर तुमची भेट झाली," तो म्हणाला. सगळे हसले.

आई भाकरी आमटीत कुस्करत होती. तिच्या खालच्या चार दाढा गेल्यात, वरची एक हलते. दादाचं लक्ष गेलं. "काकू, तूपण करून घे ना. आपल्याकडे किती स्वस्त आहे."

आई म्हणाली, "मला काय करायचंय आता दात घेऊन?"

या लेखात माझं भांडण दादाशी नाही, 'आपल्याकडे स्वस्त आहे' या वाक्याशी आहे. हे वाक्य बातम्यांत असतं, रील्समध्ये असतं, मेडिकल टुरिझमच्या प्रत्येक जाहिरातीत असतं आणि आपणही ते अभिमानाने फॉरवर्ड करतो. पण ते अर्धवट आहे. स्वस्त कुणाला, हे त्यात कधीच सांगितलेलं नसतं.

रुपये आणि डॉलर क्षणभर बाजूला ठेवू आणि दिवस मोजू. एका दातासाठी सगळ्यात कमी मजुरीच्या माणसाला किती दिवस राबावं लागतं?

आपल्याकडे एक इम्प्लांट साधारण २५ ते ४५ हजारांत होतो. आपण ३० हजार धरू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. भागाकार करा, ९६ दिवस येतात. केंद्राच्या रोजगार हमी कायद्याने २००५ साली ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. म्हणजे अख्ख्या घराच्या त्या वर्षभराच्या हमीत एक दात यायचा आणि चार दिवसांची मजुरी उरायची.

आता न्यू जर्सी. तिथलं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १५.४९ डॉलर होतं. आठ तासांचा दिवस धरला तर चार हजार डॉलरला ३२ दिवस लागतात. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलंय. ते धरलं तरी ६९ दिवस. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून तासाला १२.२१ पौंड मिळत होते. तिथे खासगी दवाखान्यात अडीच हजार पौंडांचा इम्प्लांट धरला तर २६ दिवस.

म्हणजे जगात सगळ्यात महाग म्हणून ज्या अमेरिकेचं नाव घेतलं जातं, तिथल्या सगळ्यात गरीब कामगाराला जो दात ६९ दिवसांत मिळतो, त्याला नेवाशात माती उचलणाऱ्या बाईला ९६ दिवस लागतात. आणि यात कुणी काही खाल्लं-प्यायलं, भाडं दिलं, मुलांची फी भरली हे धरलेलंच नाही. आपल्याकडे दात स्वस्त आहे तो डॉलर कमावून रुपयात खर्च करणाऱ्याला. इथे कमावून इथे खर्च करणाऱ्याला तो महागच आहे.

कुणी म्हणेल, इम्प्लांट ही चैन आहे, गरिबाच्या तोंडी हा हिशोब कशाला? मग इम्प्लांट म्हणजे काय ते बघू. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करत होते. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण त्यांना परत काढायचं होतं, पण ते निघेना. हाडाने धातूला आपलंसं केलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजही तत्त्व तेच आहे: जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर जोडतुकडा, त्यावर दाताची टोपी. आजूबाजूचे चांगले दात घासावे लागत नाहीत, कवळीसारखं रात्री काढून ठेवावं लागत नाही आणि चावायला बळ मिळतं. चावता येणं ही चैन असेल तर मग गरज कशाला म्हणायचं? आमचा तालुका उसाचा. आईने उसाचं कांडकं दातांनी सोलून किती वर्षं झाली, ते तिलाही आठवत नाही.

आता दादाची बाजू. त्याला इकडे यावं लागतं ते तिकडची व्यवस्था त्याला ढकलते म्हणून. अमेरिकेत दातांचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यातून वर्षाला मिळणारी रक्कम बहुतेक वेळा हजार-दोन हजार डॉलरला थांबते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत इम्प्लांट मिळतो तो अपवाद म्हणून, तोंडाच्या कॅन्सरनंतर किंवा मोठ्या अपघातानंतर. त्यामुळे अमेरिकन माणूस सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला जातो. ते गाव जेमतेम काही हजार वस्तीचं, पण डेंटिस्ट शेकड्यांनी. युरोपातली माणसं हंगेरी आणि तुर्कीला जातात. आणि आपली माणसं 'घरी' येतात.

पण या हिशोबातही एक खाच आहे. हाड आणि स्क्रू एकमेकांना धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तीन आठवड्यांच्या सुट्टीत फार तर स्क्रू बसतो. टोपीसाठी दुसरी फेरी, म्हणजे दुसरं तिकीट. मध्येच स्क्रू हलला, हिरडी सुजली, तर तिकडचा डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला कचरतो, लावलाच तर पैसे तिकडच्या भावाने घेतो. दादाच्या वाचलेल्या साडेचार लाखांतून हे सगळं वजा व्हायचंय. एवढं करूनही त्याला ते परवडेल, आणि त्याने जरूर यावं. प्रश्न असा की त्याच्या येण्याने खुश होणारी आपली व्यवस्था आईकडे बघते का?

बघा. बाहेरच्या रुग्णांना आपण ऑनलाइन मेडिकल व्हिसा देतो. घरच्यांना काय देतो? नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचा खर्च सहसा अपघात झाला तरच मिळतो. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण पडलेल्या दाताच्या जागी दात बसवायला त्यातला रुपयाही कामाचा नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरीब माणसाला एकदाच ३ हजार रुपये मिळतात. म्हणजे एका इम्प्लांटचा दहावा हिस्सा. जणू तोंड हा शरीराचा भागच नाही.

आणि हे दात गेले कसे? नुसत्या म्हातारपणाने नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. आमच्याकडे बायकांच्या पिढ्यांनी मिश्री लावली, कारण दात दुखला की तोच उपाय हाताशी होता. गुटखाबंदी २०१२ ची आहे. तिचं काय झालं ते कुठल्याही टपरीवर दिसतं. आधी दात पडू द्यायचे, मग नवा दात ९६ दिवसांच्या मजुरीला विकायचा, आणि त्याला जगातला स्वस्त उपचार म्हणायचं.

'सरकारने काय सगळ्यांना टायटॅनियम वाटायचं का?' हा प्रश्न येणारच. नाही. मी तेवढं मागतही नाही. कर्नाटकात 'दंत भाग्य' योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळी मिळते. केरळात 'मंदहासम' ही तशीच योजना आहे. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीचंही नाव आहे. म्हणजे कल्पना नवी नाही, पैसाही अफाट लागत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रोज बसणारा डेंटिस्ट, दात काढण्याआधी वाचवण्याची सोय आणि साठीनंतर मोफत कवळी, एवढं महाराष्ट्राला जमत नसेल तर आपण कुठल्या तोंडाने परदेशी रुग्णांना बोलावतो?

दुसरा टोमणा तरुणांसाठी असतो: 'फोनला तीस हजार आहेत, आईच्या दाताला नाहीत.' हा मला लागला, कारण खरा आहे. माझा फोन बत्तीस हजारांचा आहे, हप्त्यांवर घेतलेला. पण त्या टोमण्यातच उत्तरही आहे. फोनची किंमत खोक्यावर छापलेली असते. दाताची नसते. आमच्या भागात मी एका दवाखान्यात आईसाठी विचारायला गेलो. जाहिरातीत 'इम्प्लांट फक्त १४,९९९' होतं. आत गेल्यावर कळलं की तो नुसता स्क्रू. जोडतुकडा वेगळा, टोपी वेगळी, स्कॅन वेगळा, हाड कमी असेल तर हाड भरणं वेगळं. आकडा ४१ हजारांवर गेला. हातात दिलेली चिठ्ठी पूर्ण इंग्रजीत होती. आई ती उलटीसुलटी करून बघत राहिली. ज्या नेवाशात खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली असं आपण अभिमानाने सांगतो, त्या नेवाशातल्या बाईला स्वतःच्या दाताचा खर्च तिच्या भाषेत कळत नाही.

म्हणून तुम्ही घरातल्या कुणासाठी विचारायला गेलात तर आधी पूर्ण खर्च मराठीत लिहून मागा, टोपीसकट. स्क्रूची कंपनी, माप आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर मागा. पुढे कुठेही दुरुस्ती करायची तर तेच लागतं. मधुमेह आणि तंबाखू लपवू नका, त्याने इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. ब्रिज आणि कवळीचा पर्यायही विचारा. आणि पुढच्या वेळी कुणी 'आपल्याकडे किती स्वस्त' म्हणालं, तर त्याला दिवसांचा भागाकार करून दाखवा.

दादा जानेवारीत परत गेला. टोपीसाठी जुलैत येणार आहे. आईला मी संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जाणार आहे, कवळीसाठी. एका फेरीत काम होणार नाही हे माहीत आहे. प्रत्येक फेरीला तिचा एक दिवस जाईल आणि माझी एक रजा. तेही मी आता दिवसांतच मोजतोय.