विरामचिन्हे

मोडीचे जुने कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ठाऊक असते की, अक्षरे ओळखता येऊ लागली म्हणजे कागद वाचता येतो असे मुळीच नव्हे. लिहिणाऱ्याने आधी आडवी रेघ ओढलेली असते आणि त्या रेघेला लोंबकळत अक्षरांची माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. शब्द कोठे संपला, वाक्य कोठे थांबले, याची खूण नाही. ‘नकोजाऊदे’ एवढेच लिहिलेले असले, तर ते ‘नको, जाऊ दे’ की ‘नको जाऊ, दे’, हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवावे! मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज पंडिताला देतात. म्हणजे ती आली एकोणिसाव्या शतकात. तोवर कारभार अडला नाही, कारण वाचणारे कारकून जाणते होते.

आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. मोडीविषयी मी असेच काही बोलत होतो, तेव्हा ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “सर, तुमची मोडी अजून चालू आहे. तुमच्या-माझ्या शरीरातच!” आणि पुढचा तासभर त्यांनी जे सांगितले, आणि नंतर पुस्तकांतून मी जे पडताळून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आपल्या बहुतेक पेशींत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. अन्नापासून कामाला उपयोगी पडणारी ऊर्जा मुख्यतः तेथे तयार होते. या भट्टीजवळ स्वतःची एक छोटी पोथी असते. पेशीच्या केंद्रकातला डीएनएचा ग्रंथ सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्यांचा. ही पोथी अवघ्या १६,५६९ जोड्यांची, आणि तीही गोल, बांगडीसारखी. १९८१ साली केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेने ती अथपासून इतिपर्यंत वाचून काढली. तीत ३७ जनुके आहेत. १३ प्रथिनांची, २२ छोट्या वाहक आरएनएची, आणि उरलेली दोन प्रथिने जुळवणाऱ्या यंत्राच्या भागांची.

आता मोडी कोठे आली, ते पाहा. या पोथीची नक्कल उतरवताना एकेक जनुक वेगळे उतरवले जात नाही. दोन्ही धाग्यांची जवळजवळ सलग, लांबलचक आरएनएची माळ तयार होते. मध्ये जागा नाही, दंड नाही, काही नाही. मग तोडायचे कोठे? त्याच १९८१ साली कॅलिफोर्नियात जुसेप्पे अत्तार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले, आणि ते आम्हा भाषेच्या माणसांना गुदगुल्या करणारे आहे. ती २२ वाहक जनुके पोथीभर बहुतेक मोठ्या जनुकांच्या मधोमध पेरलेली असतात. नक्कल होताच हे छोटे तुकडे आपोआप दुमडून विशिष्ट आकार घेतात, आणि तो आकार हीच खूण! एक कात्री त्याच्या डोक्याशी कापते, दुसरी शेपटीशी. वाहक मोकळा झाला की त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारीही मोकळे होतात. म्हणजे येथे विरामचिन्ह हा स्वतःच एक शब्द आहे. तो वाक्ये तोडतो आणि वर स्वतःचे कामही करतो. शास्त्रज्ञांनी या कल्पनेला विरामचिन्हांचेच नाव दिले आहे. सगळेच सांधे असे सुटत नाहीत; काही ठिकाणी मध्ये वाहकच नसतो आणि निराळी व्यवस्था लागते. पण व्याकरणात अपवाद नसला तर ते व्याकरण कसले?

यापुढची गंमत ऐकाच. १३ प्रथिनांच्या निरोपांपैकी सातांच्या शेवटी पूर्णविराम पुरता लिहिलेलाच नसतो. तीन अक्षरांच्या खुणेतले एक किंवा दोनच असतात. तोडून झाल्यावर निरोपाच्या शेपटाला ‘ए’ या अक्षराची रांग जोडली जाते, आणि त्या रांगेतल्या पहिल्या अक्षरांनी पूर्णविराम पुरा होतो. शिवाय, बाहेर जी खूण ‘थांबा’ असे सांगते, तीच येथे एका अमिनो आम्लाची समजली जाते. आमच्या मराठवाड्यात वावरलेल्या महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत दडवल्या होत्या, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिची किल्ली शोधीपर्यंत बाहेरच्याला त्या वाचता येत नव्हत्या, त्याची येथे आठवण होते.

येथवर सारे मौजेचे. पण सांधा चुकला तर? ‘ध’ चा ‘मा’ झाल्याने १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, ही दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुरावा असो वा नसो, आनंदीबाईच्या माथी तो ‘मा’ कायमचा बसला. पेशीतल्या पोथीत मात्र असे एक अक्षर खरोखर बदलते. ७४४५ व्या जागी, एका वाहकाच्या शेपटीला लागून, ‘ए’ च्या ऐवजी ‘जी’ आले, की शेपटीची कात्री तेथे नीट चालत नाही. वाहक कमी पडतात, आणि माणसाला ऐकू येईनासे होते. काहींच्या तळहातांची-तळपायांची कातडीही जाड होते. स्कॉटलंड आणि न्यूझीलंडमधल्या घराण्यांत हे आढळले. १९९० साली जपानी संशोधकांनी ३२४३ व्या जागेचा असाच एक बदल एका गंभीर आजाराशी जोडून दाखवला. तोच बदल काही घराण्यांत मधुमेह आणि बहिरेपणा एकत्र आणतो.

ही पोथी येते ती फक्त आईकडून. गोत्र बापाचे, भट्टी आईची! आणि येथेच मला भीती वाटते. मूल अधू झाले की ‘हिच्या माहेरचे आहे’ असे म्हणायला आपल्याकडे शास्त्राची वाट कोणी पाहत नव्हते. आता तर शास्त्रच हाती आयते सापडल्यासारखे होईल. त्या घरांसाठी दोन गोष्टी सांगतो. एक, पेशीत या पोथीच्या शेकडो-हजारो प्रती असतात आणि पुष्कळदा चुकीच्या व बरोबर प्रतींची सरमिसळ असते. म्हणून एकाच आईची एक मुलगी आजारी आणि दुसरी ठणठणीत असे होऊ शकते. आईला स्वतःला कधी काही जाणवलेलेही नसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पोथी आईची असली, तरी कात्र्या तिच्यातल्या नव्हेत. त्यांची जनुके केंद्रकात असतात, आणि केंद्रकाचा ग्रंथ आई-बाप दोघांचा. शेपटीच्या कात्रीचे जनुक दोन्ही बाजूंनी सदोष आले, तर तान्ह्या मुलाच्या हृदयाची भिंत जाड होऊन ते दगावू शकते, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. तेथे सासरचा वाटा बरोबर निम्मा असतो.

आणि आजोळी स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांनंतर कोणी बहिरे झालेले असेल, तर क्षयाचे किंवा दुसरे कसलेही उपचार सुरू होण्यापूर्वी ते डॉक्टरांना जरूर सांगावे. याच पोथीतल्या १५५५ व्या जागेच्या बदलामुळे ती औषधे कानांना बाधतात, हे १९९३ पासून ठाऊक आहे. आजी-मावशांना हे विचारायला भाऊबिजेला सवड सापडतेच.