जास्त कात्र्या म्हणजे जास्त रफू नव्हे!

परवा धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिचे रेडिएशन चालू आहे. टेबलावर भाच्याने आणलेला पावडरीचा डबा होता. त्यावर ठळक अक्षरांत छापलेले, 'डीएनए दुरुस्ती वाढवा'. भाचा म्हणाला, "मामा, नैसर्गिक आहे, अपाय कसला?" आजारी माणसासमोर वाद नको म्हणून गप्प बसलो. तो आता इथे घालतो.

मंडळी, मी बी.ए. झालेला मराठीचा मास्तर. विज्ञान उतारवयात वाचून शिकलो. पण एवढे कळले, की डीएनए दुरुस्त करताना बहुधा आधी तो कापावा लागतो. उन्हाने बिघडलेला भाग काढायला पेशीकडे दोन विकरे, म्हणजे जणू दोन कात्र्या आहेत: एक्सपीएफ आणि एक्सपीजी. बिघाडाच्या दोन्ही बाजूंना कापून त्या साधारण २४ ते ३२ अक्षरांचा तुकडा काढतात. गंमत अशी, की एक्सपीजी जागेवर येऊन बसल्याशिवाय एक्सपीएफ कापतच नाही! जेन-१ नावाची तिसरी कात्री तर पेशी केंद्रकाबाहेर ठेवते. पेशीविभाजनात केंद्रकाचे आवरण विरले, की मगच ती डीएनएपर्यंत पोचते.

आम्ही कार्यानुभवाच्या तासाला कात्र्या कपाटात कुलूपबंद ठेवायचो, कामापुरत्या वाटायचो आणि मोजून परत घ्यायचो. तसेच हे. कात्री बिघडली तर झेरोडर्मा पिगमेंटोसमसारखा आजार होतो, कोवळ्या वयात त्वचेचे कर्करोग होतात. आणि मोकाट सुटली तर धडधाकट गुणसूत्रेच तुटतात. म्हणजे 'वाढवा' हा शब्दच चुकीचा. महत्त्व आहे ते वेळेला आणि जागेला.

आता मुद्दा. रेडिएशन कर्करोगाच्या पेशींचा डीएनए तोडते, त्या सावरू नयेत म्हणूनच. मग हा डबा दुरुस्ती कोणाची वाढवणार? बहिणीच्या चांगल्या पेशींची, की गाठीची? डब्यावर उत्तर नाही. पावडर निरुपयोगी असेल तर पैसे बुडाले. छापलेले खरे असेल, तर अधिकच भीती!

रात्री भाच्याला फोन केला, "रागावू नकोस. उद्या डबा डॉक्टरांना दाखव, तोवर तिला एक चमचाही देऊ नकोस." थोडा वेळ गप्प राहून "बरं, मामा" म्हणाला.

असो. तुमच्याही घरात असा डबा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मायेने दिले म्हणून ते औषध होत नाही.