खिडकीच्या अलीकडून

दिवाळी अंकाच्या संपादकीयात वर्षभराचा लेखाजोखा मांडायची रीत आहे. यंदा ती मोडतो. पावसाळ्यात एक पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं, त्याबद्दल सांगायचं आहे. श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’, 1968 ची हिंदी कादंबरी. मराठी अंकात हिंदी कादंबरी कशाला, असं पुण्याचा वाचक विचारील, मेळघाटातल्या धारणीचा नाही. आमच्या एसटीत एका बाकावर कोरकू, दुसऱ्यावर वऱ्हाडी आणि कंडक्टरशी हिंदी, असंच चालतं.

पहिल्यांदा वाचली ती अमरावतीला, होस्टेलात. तेव्हा त्यातल्या लंगडवर पोट धरून हसलो होतो. त्याला तहसिलीतून एका कागदाची नक्कल हवी असते. लाच द्यायची नाही हा त्याचा हट्ट, नियमाबाहेर जायचं नाही हा कारकुनाचा. हेलपाटे घालता घालता नक्कल एकदाची तयार होते, फलकावर तशी सूचना लागते. पण लंगड तापाने पडलेला. तो येईपर्यंत मुदत संपून नक्कल फाडलेली असते.

यंदा तिथे हसू आलं नाही. वनहक्काचा कायदा 2006 चा. त्याच्या दाव्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपणारी माणसं मेळघाटात रोज भेटतात. आता कागद फाडावा लागत नाही. ‘लाइन नाही’ म्हटलं की भागतं.

कादंबरीत हे सगळं आपण पाहतो ते बहुतेक रंगनाथच्या नजरेने. तो शहरातला शिकलेला, तब्येत सुधारायला शिवपालगंज या गावी मामाकडे, वैद्यजींकडे आलेला. शुक्ल स्वतः सरकारी अधिकारी. आपल्या वऱ्हाडात ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जळगाव जामोदला वकिली करत. दोघेही थोर, पण लंगड ज्या खिडकीशी उभा राहतो, दोघेही तिच्या पलीकडचे. होस्टेलातला मीही तिकडचाच होतो म्हणा.

पलीकडून हसणं सोपं असतं. आमच्या मेळघाटातल्या हरिसालचंच घ्या. 2016 च्या सुमारास ते डिजिटल गाव म्हणून गाजलं. 2019 च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभेच्या पडद्यावर त्या दाव्याचा फोलपणा दाखवला आणि महाराष्ट्र हसला. हसणाऱ्यांतल्या किती जणांनी हरिसाल पाहिलं होतं?

आजच्या वाचकाला कादंबरीत आणखीही काही खुपेल. पहिल्याच पानावर ट्रक आणि रस्त्यासाठी बलात्काराची उपमा आहे. एकेकाळी मित्रांना मोठ्याने वाचून दाखवलेली ती ओळ यंदा घरात मुलीसमोर वाचवली नाही. शिवपालगंजात बायका जवळजवळ नाहीतच. बेला नावाची तरुणी आहे ती इतरांच्या बोलण्यापुरती.

तरी पुस्तक ठेवून देण्यासारखं नाही. कॉलेज, सोसायटी हातात असलेले आणि घरच्या गड्याला सरपंच करून ग्रामपंचायतही खिशात घालणारे वैद्यजी मला तरी जुने वाटले नाहीत. आमच्याकडे असा माणूस नाही असं म्हणणारं गाव कुणी दाखवावं, चहा माझ्याकडून.

या अंकात विनोदी लेख तीन आहेत आणि तिन्ही नोकरदारांचे. हा दोष संपादकाचा. पुढच्या अंकासाठी खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्यांनी लिहावं, बायकांनी तर नक्कीच. कोरकूत लिहा, वऱ्हाडीत लिहा, शुद्धलेखन आम्ही पाहू. मजकूर होळीच्या फगव्यापर्यंत पोचवा. पोच लगेच मिळेल, हेलपाटा पडणार नाही.