भंगारवाल्याचं म्हणणं

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहूनच टाकतो.

लोकांनी फेकून दिलेले लॉनमोअर (आमच्यातले निम्मे लोक त्याला 'लॉनमूव्हर' म्हणतात, पण ते असो) उचलून आणायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा माझा गेल्या काही वर्षांचा शनिवार-रविवारचा उद्योग. 'विकायचे' हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण खरी पोटदुखी तिथेच आहे. नुसते दुरुस्त करून गॅरेजमध्ये मांडून ठेवले असते तर "वा, काय छंद आहे!" झालं असतं. फुकट वाटले असते तर समाजसेवा झाली असती. पण ऐंशी डॉलर घेऊन विकतो म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो.

पुण्याहून आत्या म्हणते, "अरे, एवढं इंजिनियरिंग शिकलास ते भंगार उपसायला का रे?" इथल्या गणपतीत भेटणारे एक स्नेही म्हणतात, "तुझा तासाचा रेट काढून बघ एकदा, अजिबात परवडत नाही हे." आणि तिसरे आमचे पर्यावरणवाले मित्र. त्यांचं म्हणणं, मी पेट्रोलची धुराडी विनाकारण जिवंत ठेवतो. तिघांनाही एकदाच काय ते सांगतो.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या ओहायोत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गवत नुसतं माजतं. घरापुढचं गवत वाढू दिलं तर गावाची नोटीस येते, पुढे दंड. म्हणून घरटी एक मोअर. हिवाळ्यात तो गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो. एप्रिलमध्ये मालक दोरी ओढतो. दहा वेळा, वीस वेळा. यंत्र ढिम्म. मग "गेलं वाटतं इंजिन" म्हणून कचऱ्याच्या दिवशी रस्त्याच्या कडेला ठेवून देतो आणि त्याच दुपारी मोठ्या दुकानातून नवीन आणतो. दोनशेपासून पाचशे डॉलरपर्यंत काहीही.

आता त्या टाकलेल्या यंत्राला काय झालेलं असतं? बहुतेक वेळा एकच: टाकीत राहिलेलं पेट्रोल. इथल्या पंपांवर साधारण १० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाच-सहा महिन्यांत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि कार्बोरेटरच्या वाटीत उरतो तो गुळाच्या काकवीसारखा चिकट थर. ज्या भोकातून पेट्रोल वर चढायचं ते भोक सुईच्या टोकाएवढं. ते बुजलं की संपलं. दोन नटबोल्ट काढा, वाटी उतरवा, तांब्याच्या वायरची एक बारीक तार त्या भोकातून फिरवा, फवारा मारून स्वच्छ करा, परत बसवा. ताजं पेट्रोल घाला आणि दोरी ओढा. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू! अगदीच खराब असेल तर साध्या इंजिनाचा नवा कार्बोरेटर पंधरा-वीस डॉलरला मिळतो. चारशे डॉलरचं यंत्र एका बुजलेल्या भोकापायी रस्त्यावर!

(भारतात तर २०२५ मध्ये पेट्रोलमधल्या इथेनॉलची मजल २० टक्क्यांवर गेली. तेव्हा काकालोक, सहा महिने झाकून ठेवलेली स्कूटर किकला दाद देत नसेल तर विकायच्या आधी कार्बोरेटर उघडून बघा.)

बाकीचे 'मृत्यू'ही असेच. पातं झाडाच्या बुंध्याला आपटलं आणि इंजिन बंद पडलं. आता सुरू केलं तर दोरी हाताला हिसका देते. लोक म्हणतात शाफ्ट गेला. प्रत्यक्षात वरच्या जड चाकाखाली मऊ धातूची बोटाच्या पेराएवढी किल्ली असते, ती तुटलेली असते किंवा सरकलेली. बऱ्याचदा शाफ्टचं काहीच बिघडलेलं नसतं. धक्क्याने शाफ्ट वाकू नये म्हणून आधी किल्लीने तुटावं, अशीच तिची योजना आहे. दोन-तीन डॉलरची वस्तू! दुसरं उदाहरण पांढऱ्या धुराचं. खालचं गवत काढायला कुणीतरी यंत्र चुकीच्या बाजूला आडवं केलं, ऑइल सिलिंडरमध्ये आणि फिल्टरमध्ये गेलं, सुरू केल्यावर पांढऱ्या धुराचा लोट उठला. घाबरून टाकलं फेकून. प्लग पुसून, फिल्टर बदलून पाच-दहा मिनिटं चालू ठेवलं असतं तर धूर आपोआप थांबला असता. आडवं करताना कार्बोरेटरची बाजू वर ठेवायची (आणि प्लगची वायर आधी काढायची), एवढंच ते शास्त्र.

हे सगळं यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ती वाचायची कुणाला इच्छा नसते, आणि तशी ती नसावी अशीच बाजाराची रचना आहे. 'ऑइल बदलायची कधीच गरज नाही, फक्त बघा आणि भरा' असं अभिमानाने सांगणारी इंजिनंही बाजारात आली. ग्राहकाने झाकण उघडूच नये, हा त्यातला संदेश. आणि ज्याने कधी झाकण उघडलं नाही तो बिघडल्यावर काय करणार? नवीन घेणार.

तर आता तासाच्या रेटवाले स्नेही. साहेब, हा हिशेब तुम्ही फक्त हात काळे होणाऱ्या कामाला लावता. नवीन मोअर निवडायला दोन संध्याकाळी परीक्षणं वाचली, शनिवारी तीन दुकानं फिरलात, खोक्यातून काढून जोडत बसलात, त्याचा रेट काढलात? शिवाय तुमच्या हिशेबात माझी कमाई तेवढी धरलेली आहे. ज्याने माझ्याकडून यंत्र घेतलं त्याचे वाचलेले तीनशे डॉलर कुठल्या रकान्यात?

माझी गिऱ्हाइकं कोण असतात ते एकदा येऊन बघा. पहिलंच घर घेतलेलं, हप्ता भरून हातात काही न उरलेलं जोडपं. भाड्याच्या घरात राहणारा, ज्याच्या करारात गवत कापायची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे असा पोरगा. गेल्या मे महिन्यात एक बाई दोन मुलांना घेऊन जुन्या व्हॅनमधून आली. हातात गावाची नोटीस, मुदत चार दिवसांची. दुकानातला सगळ्यात स्वस्त मोअरही तिला झेपत नव्हता. तिने ऐंशी डॉलर मोजून दिले, तिच्या मोठ्या मुलाला मी ऑइल कसं बघायचं ते दाखवलं, आणि ती गेली. तुम्ही म्हणता तो 'परवडत नाही'चा हिशेब मला तिच्यासमोर मांडून दाखवा.

"मग फुकट का नाही दिलास?" हा प्रश्न येणारच, आलेलाही आहे. फुकट मिळालं ते विकतोस, म्हणजे नफेखोरी! अहो, फुकट मिळालं ते बंद पडलेलं लोखंड. विकतो ते चालणारं यंत्र. मधल्या दोन गोष्टी, माझे तीन तास आणि माझी माहिती, तुम्ही फुकटात धरता. गवंड्याशी, सुताराशी, गाडीच्या मेकॅनिकशी घासाघीस करणारी आपली सवय ती हीच. डॉक्टरने पाच मिनिटांत निदान केलं तर आपण त्याला हुशार म्हणतो. मेकॅनिकने पाच मिनिटांत केलं तर "एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?"

आणि पैसे घेण्यात एक मोठा गुण आहे, तो या दानशूर मंडळींच्या लक्षात येत नाही. पैसे घेतले की जबाबदारी येते. मी तीस दिवसांची हमी देतो. बंद पडलं तर माझ्या दारात आणून आपटा. फुकट दिलेल्या वस्तूबद्दल तक्रार कुणाकडे करणार? घेणारा ओशाळून गप्प बसतो. तिला नोटीसवाली बाई म्हणून उपकार नको होते, चालणारं यंत्र हवं होतं. गिऱ्हाईक म्हणून ती ताठ उभी राहून मला चार प्रश्न विचारू शकली.

आता आमच्याच धंद्यातल्या लोकांबद्दल बोलायलाच हवं. आमच्यातही चोर आहेत. हवेच्या तोंडात ईथरचा फवारा मारून इंजिन दोन मिनिटं पेटवून दाखवायचं, वरून लाल रंग फासायचा, पैसे घेऊन फोन उचलायचा नाही. त्याहून वाईट म्हणजे दांड्यावरची सुरक्षेची पट्टी तारेने बांधून ठेवणारे. हात सुटला की पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे असा अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे, आणि त्याआधी किती बोटं गेली म्हणून तो करावा लागला. ती पट्टी बांधून यंत्र विकणारा माणूस दुरुस्ती करत नाही, कुणाच्या तरी पायाचा सौदा करतो. अशांना भंगारवाला म्हणणं हासुद्धा भंगारवाल्यांचा अपमान आहे.

पर्यावरणवाल्या मित्रांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. या लहान इंजिनांचा धूर वाईट असतो, बहुतेकांना गाडीसारखी धूर शुद्ध करायची सोय नसते. कॅलिफोर्नियाने तर २०२४ पासून असली नवी पेट्रोल इंजिनं विकण्यावर बंदी घातली. ठीकच आहे. बॅटरीचा मोअर आवाज करत नाही, धूर काढत नाही. पण मित्रहो, त्या बॅटरीचं काय? एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. आतला एक सेल गेला तरी अख्खा डबा बदला. आणि डब्याची किंमत अशी की लोक म्हणतात, "त्यापेक्षा नवीनच घेऊ." म्हणजे धूर गेला आणि फेकाफेक राहिली. न्यूयॉर्कमध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०२३ च्या अखेरीस लागू झाला, पण बागकामाची यंत्रं त्यातून वगळली. कोलोरॅडोने शेतीच्या यंत्रांसाठी २०२४ पासून असा कायदा केला, म्हणजे इच्छा असली तर करता येतो. तुम्हाला खरंच पृथ्वीची काळजी असेल तर बॅटरीचा डबा उघडता येण्यासाठी भांडा, मी तुमच्या मोर्चात येतो. तोवर आधीच बनलेलं, पोलाद आणि ॲल्युमिनियम ओतून झालेलं यंत्र आणखी दहा वर्षं नीट, स्वच्छ फिल्टर लावून चालवणं हा गुन्हा आहे असं मला तरी वाटत नाही.

शेवटी आत्या. आत्या, तुझा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण त्यात माया आहे. पण तो तुझा एकटीचा नाही, आपल्या सगळ्या मध्यमवर्गाचा आहे. आपल्याला इंजिनियर हवा, पण त्याच्या नखात ग्रीस नको. हे मोअर नावाचं यंत्र निघालं कुठून माहीत आहे? इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापड गिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कापायचं यंत्र पाहिलं, आणि तीच युक्ती गवताला लावून १८३० मध्ये पेटंट घेतलं. आणि लांब कशाला जा? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानाने. पुढे त्यांच्या सुरुवातीच्या मालात लोखंडी नांगर होता आणि कडबा कापायचं यंत्र होतं. म्हणजे गवत कापायच्या यंत्रातून मराठी माणूस मोठा झालाय, आत्या! त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, आणि आपल्या घरातल्या पोराने पाना हातात घेतला की आपला जीव कासावीस होतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जमिनीवर पथारी मांडून बसणारा माणूस मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की कॉइल ते सांगतो. त्याला आपण 'अरे-तुरे' करतो. हे कसब त्याच्याबरोबर संपलं तर ते कुठल्या कॉलेजात शिकायला मिळणार आहे? माझ्यासारख्या पदवीधराला इथे येऊन, परक्या माणसांच्या गॅरेजमधून ते तुकड्या-तुकड्याने गोळा करावं लागलं.

खंडेनवमीला आपण घरातली अवजारं मांडतो, पान्याला-पकडीला हळदकुंकू लावतो, फूल वाहतो. कित्येक घरांत ती पकड दुसऱ्या दिवशी डब्यात जाते ती पुढच्या खंडेनवमीपर्यंत. येत्या वर्षी पूजा झाली की ती डब्यात ठेवण्याआधी घरातली एक बंद पडलेली वस्तू उघडा. मिक्सर, पंखा, काहीही. प्लग आधी काढा म्हणजे झालं. आणि कुणी ती वस्तू दुरुस्त करून दिलीच, तर त्याला अहो-जाहो करा, आणि मागेल ते पैसे द्या.

असो. लांबलं खूप. गॅरेजमध्ये तीन मोअर वाट बघतायत, आणि त्यातल्या एकाची मंगळवारपर्यंत मागणी आहे.